रोल नंबर सतरा, रेकॉर्डिंगवर

आमच्या गावात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी मिळते. गावाबाहेर, एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या बाजूला एक माळ आहे, तिथे. त्या माळावर आमच्या लोकांचे दगड उभे आहेत. आमच्यात माणूस गेला की त्याला माती देतात, आणि काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, त्याच्या नावाने एक उभा दगड तिथे रोवतात. काही दगड गुडघ्याएवढे आहेत, काही माझ्या डोक्याच्या वर जातात. दगड वाढला तर गेलेला माणूस सुखात आहे, असे म्हातारी माणसे म्हणतात. वाढलेला दगड मी अजून पाहिलेला नाही. पण मी कधी मोजलाही नाही.

मी बी.एस्सी.चे शेवटचे सत्र त्या माळावर बसून पूर्ण केले. विषय जिऑलॉजी.

परवा कॉलेजने एक फॉर्म पाठवला. त्यात शेवटचा प्रश्न होता, ऑनलाइन शिक्षणाचे तुम्हाला झालेले फायदे पाच ओळींत लिहा. मी लिहिले की प्रवास वाचतो, वेळ वाचतो, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकता येते, शंका लिहून विचारता येते, घरच्या कामाला हातभार लावता येतो. पाच ओळी झाल्या. पाचही खऱ्या आहेत. फॉर्म पाठवल्यावर मात्र वाटत राहिले की मी काहीच सांगितले नाही. म्हणून हे लिहून पाहते आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमच्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात राहत होते. खोलीत आम्ही तिघी होतो. घुग्घुसची एक मुलगी होती, तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले की माझ्या मराठीला गोंडीचा वास येतो. तिने ते हसत म्हटले होते, आणि पुढे तीच माझी जवळची मैत्रीण झाली. तरी त्यानंतर मी वर्गात तोंड उघडले नाही. अडीच वर्षांत मी एकही शंका विचारली नाही. समजले नाही तरी मान हलवायची, हे मी लवकर शिकले.

तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, बाबा गेले. ताप आला होता, दोनच दिवस. मला फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. एक बस चुकली, पुढची आलापल्लीपर्यंतच होती. मी घरी पोहोचले तेव्हा माती देऊन झाली होती. अंगण शेणाने सारवलेले होते. आई चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहून विचारले, जेवली का. मी म्हटले, हो. मी जेवले नव्हते.

मला रडू आले नाही. येईल असे वाटत होते, पण आले नाही. बायका गळ्यात पडून रडायच्या तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून समोरचे कुंपण पाहायची. कुंपणाच्या कुठल्या काड्या नवीन आहेत आणि कुठल्या जुन्या, हे मला त्या दिवसांत पाठ झाले होते.

दहा-बारा दिवसांनी मी परत चंद्रपूरला गेले. वर्गात बसले. जिऑलॉजीच्या मॅडम बोलत होत्या, ओठ हलत होते, आणि मला आवाज येत असूनही काही ऐकू येत नव्हते. तास संपायचा, मुली उठायच्या, मीही उठायची. असे तीन आठवडे गेले. मग मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांचा निरोप आला. मोहाचा हंगाम तोंडावर आहे, तुझी आई एकटी आहे, तू ये. त्यांनी रागाने सांगितले नव्हते. पण मला कळले की आता गेले तर परत येणे होणार नाही. आमच्याच गावची एक मुलगी माझ्याआधी अहेरीला अकरावीला होती. घरचे कोणी आजारी पडले म्हणून ती एक महिन्यासाठी आली. त्याला चार वर्षे झाली. तिची पुस्तके अजून तिच्या घरी आढ्याला टांगलेली आहेत.

मी जाऊन मॅडमना सांगितले की मी कॉलेज सोडते आहे. हे मी उभ्याने, एका दमात सांगितले, कारण थांबले असते तर बोलले नसते. मॅडमनी कारण विचारले. मग म्हणाल्या की करोनात कॉलेज बंद होते त्या काळापासून त्या प्रत्येक तास रेकॉर्ड करतात, ती सवय त्यांनी सोडलेली नाही. रेकॉर्डिंग रोज संध्याकाळी ॲपवर येईल. आणखी दोन मुले अशीच शिकत आहेत, एक सिरोंच्याकडचा आणि एक नोकरी करणारी. हजेरीचे प्राचार्यांशी त्या बोलतील. लेखी परीक्षेला मात्र यावे लागेल, आणि प्रकल्पाची तोंडी परीक्षा फोनवर, व्हिडिओने घेता येईल.

"प्रकल्पात नापास झालीस तर वर्ष जाईल. एवढं लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुझ्या सवडीने ऐक."

सवडीने ऐक, असे मला आधी कोणी म्हटले नव्हते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून माझा दिवस असा होता. पहाटे आईबरोबर मोहाच्या झाडाखाली. फुले वेचून झाली की ती अंगणात वाळत घालायची. मग दहाच्या सुमाराला मी माळावर जायची. चप्पल खालीच काढायची, कारण दगडांपाशी चप्पल घालून जात नाहीत. दगडांच्या मध्ये बसत नाहीत, म्हणून कडेला, एका मोहाच्या बुंध्याशी बसायची. आदल्या दिवशीचा तास फोनमध्ये उतरवून घ्यायची. अर्धा-पाऊण तास लागायचा. कधी ढग आले की दोन तास.

तिथे मी एकटी नसायची. गावात ज्याला कोणाला फोन करायचा असेल तो तिथेच यायचा. भूमिया आजा तर नेमाने यायचा. गावाची सगळी पूजा-पाठ तोच बघतो, दगड कुठे आणि कधी रोवायचा हेही तोच ठरवतो. त्याची मुलगी तेलंगणात दिली आहे. तो फोन कानापासून हातभर लांब धरून ओरडायचा, जणू आवाज नदीपलीकडे पोचवायचा आहे. बोलणे झाले की माझ्याकडे बघून म्हणायचा, "तुई शाळा आन माई लेक, दोघीबी याच दगडाईत राह्यतेत."

उतरवलेला तास मी दुसऱ्या दिवशी मोह वेचताना लावायची. फोन टोपलीच्या काठाला, फुलांवर ठेवायची. आई पलीकडे वेचायची. पहिल्यांदा लावला तेव्हा मला काहीच कळले नाही. वर्गात होत होते तसेच. शब्द यायचे आणि जायचे. तास संपला. मी पुन्हा लावला. पुन्हा तसेच. एक तास मी त्या दिवशी चार वेळा लावला, आणि चौथ्या वेळी एक वाक्य आत गेले. ते वाक्य फार महत्त्वाचे नव्हते, खडक दाबाखाली गेला की त्यातली खनिजे एका दिशेला रांगेत येतात, एवढेच. पण ते मला समजले.

मला वाटते हाच तो फायदा, जो मी फॉर्ममध्ये लिहू शकले नाही. वर्गातला तास पुढे निघून जातो. तुमच्या घरी कोण गेले आहे हे त्याला माहीत नसते, आणि ते बरोबरही आहे, चाळीस मुले बसलेली असतात. रेकॉर्डिंग थांबते. माझे लक्ष ज्या मिनिटाला सुटायचे त्या मिनिटावर मी बोट ठेवायची, आणि मॅडम पुन्हा तेच, त्याच आवाजात, न रागावता सांगायच्या. मी चेहरा कसा केला आहे हे कोणी पाहत नव्हते. मान हलवायची गरज नव्हती.

शंकाही मी तिथूनच विचारायला लागले. माळावर बसून लिहायची. लिहिताना कसला वास येत नाही. पहिली शंका लिहून पाठवायला मला तीन दिवस लागले. ती इतकीच होती की दाब म्हणजे किती खोल. मॅडमनी पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर म्हटले, एक चांगला प्रश्न आला आहे, आणि वीस मिनिटे त्यावरच बोलल्या. प्रश्न कोणाचा ते सांगितले नाही. मी टोपलीतल्या फोनकडे बघत राहिले.

प्रत्येक तासाच्या सुरुवातीला हजेरी असायची. मॅडम नंबर वाचायच्या, मुले हो म्हणायची. माझा सतरा. मॅडम म्हणायच्या, "सतरा, रेकॉर्डिंगवर," आणि पुढे जायच्या. पण अठरा म्हणण्याआधी त्या थोड्या थांबायच्या. का, ते मी कधी विचारले नाही.

आईने एक दिवस विचारले, "हे बाई काय मोजून राह्यली?"

मी सांगितले की पोरे मोजते, कोण आले कोण नाही.

"आन तुया नंबर?"

"सतरा."

दुसऱ्या दिवशी सतरा आला, आणि त्या थांबलेल्या जागेत आई फुले वेचता वेचता म्हणाली, "आहे नं. इथी आहे."

मग ती रोजच म्हणू लागली. आईला मराठी बाजारापुरती येते, घरी आम्ही गोंडीच बोलतो; घरच्यांचे आणि गावाचे बोलणे मी इथे आमच्याकडच्या मराठीत लिहिते आहे. पण रोज एकच तास तीन-चार वेळा ऐकून तिला त्यातले शब्द ओळखू यायला लागले. सूरजागडचे नाव आले की ती मान वर करायची, कारण ते डोंगर तिचे माहेर. तिथल्या लोखंडाच्या दगडाबद्दल मॅडम काय म्हणाल्या, ते मला गोंडीत सांगावे लागायचे. मी वर्गात इतके कधी बोलले नव्हते. समजावताना कळायचे की कुठला भाग मला स्वतःलाच समजलेला नाही. मग पुन्हा मागे जायचे.

प्रकल्पाचा विषय मार्चमध्ये मिळाला. आपल्या परिसरातला एक खडक घ्या, त्याचे वर्णन करा, त्याचे नाव सिद्ध करा. नमुना तोंडी परीक्षेत कॅमेऱ्यासमोर दाखवायचा. मॅडमनी त्या तासाला एक काळा गोटा हातात धरला. तो बाहेरून बेसॉल्टसारखा दिसत होता. मग त्यांनी हातोडीने तो फोडला, आणि आतून तो पांढरा निघाला. मुले हसली. मॅडम म्हणाल्या, "दगड बाहेरून खरं सांगत नाही. ऊन, पाऊस, शेवाळ, सगळं अंगावर घेऊन बसलेला असतो. फोडून ताजा पृष्ठभाग पाहिल्याशिवाय त्याचं नाव सांगू नका."

हा तास आईलाही आवडला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला.

एप्रिलच्या मध्याला बाबांचा दगड आणला. मोठे बाबा आणि आमच्या कुळातली माणसे त्यासाठी दोन दिवस नाल्यात फिरली. दगड असाच कोणताही उचलत नाहीत. तो विचारून घ्यावा लागतो, आणि एकदा जागेवरून उचलला की तो दगड राहत नाही, तो गेलेला माणूस होतो. त्याला लोखंड लावायचे नाही. पहार नाही, साखळी नाही. लाकडाच्या दांड्या आणि सालीचे दोर, बस. पंधरा जणांनी तो माळावर आणला आणि रोवायचा दिवस येईपर्यंत मोहाच्या झाडाखाली आडवा ठेवला. मी रोज बसायची तिथेच, हातभर अंतरावर.

आठ दिवस तो तिथे होता. मी तास उतरवून घ्यायची आणि त्याच्याकडे पाहायची. नाल्याच्या पाण्याने त्याची एक बाजू घासली गेली होती, तिथे पट्ट्या पुसट दिसायच्या. बाकी सगळा राखाडी आणि काळपट. गावाच्या आसपास दुसरे दगड नव्हते असे नाही. शेताच्या बांधावर हवे तेवढे होते. मी त्यातलेच दोन घरी आणून ठेवलेही होते. पण मला याच दगडाचे नाव हवे होते. बाबांना मी शेवटचे पाहिले नव्हते, त्याच्याशी याचा काही संबंध असेल. नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी मला काही वाटत नव्हते, एवढे आठवते.

मी घरून कुऱ्हाड नेली होती, सरपणासाठी. तिच्या पाठीने मी दगडाच्या खालच्या कोपऱ्यावर मारले. तीन घाव लागले. तळहाताएवढा तुकडा निघाला. लोखंड लावायचे नाही हे मला आठवले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. आठवले होते. पण ते दुसऱ्या कोणासाठी आहे असे वाटले. माझ्या हातात तेव्हा नमुना होता, आणि त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या इतक्या स्वच्छ होत्या, की मी तिथेच बसून वहीत त्या काढल्या. तुकडा कागदात गुंडाळून घरी नेला.

रोवायच्या आदल्या दिवशी माणसे खड्डा खणायला माळावर गेली. फुटलेला कोपरा पांढरट चमकत होता. लांबूनही दिसला असता. मोठे बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. कोणी केले, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, मी. ते उठून झाडाच्या सावलीत जाऊन बसले.

तोपर्यंत पाहुणे यायला लागले होते. माझी आत्या अहेरीच्या पलीकडून आली होती. ती कडक आहे. ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "पोरीले शिकवलं. आता शिकून बापाले फोडते."

म्हणणे खरेच होते.

मग मोठ्या माणसांची बैठक झाली. कोणी म्हणाले दुसरा दगड आणा. कोणी म्हणाले हा विचारून आणलेला आहे, त्याला आता टाकायचा कुठे. पाहुणे आलेले, भात शिजायला ठेवलेला. यंदा राहिले तर वर्षभर बाबांना जागा नाही. मी बाजूला उभी होते. मला भीती वाटायला हवी होती. मी मोजत होते की दगडावर पट्ट्या किती आहेत.

भूमिया आजाने मला पुढे बोलावले. "तुया बाप तुले काई सांगून गेला नाई म्हणून त्याले फोडून पाह्यलं का?"

दोघे-तिघे हसले आणि लगेच थांबले. मी म्हटले, परीक्षेसाठी. ते ऐकायला फारच लहान वाटले.

तेव्हा आई बोलली. आई बैठकीत कधी बोलत नाही. ती बायकांत बसली होती, तिथूनच म्हणाली, "ते बाई सांगते तसं. दगड बाहेरून खरं नाई सांगत, फोडा लागते. मी ऐकलं आहे. लोखंड लावलं हे हिची चूक आहे. पण खोटं काम नाई केलं."

"कोन बाई?" आजाने विचारले.

"फोनातली."

"अन ते आपल्या दगडाईले ओळखते का?"

"सूरजागडच्या दगडाले ओळखते," आई म्हणाली. "त्याईचं सगळं सांगते. कधी झाले, कसे झाले."

आजाने तळहातावर तंबाखू चोळला. मग त्याने विचारले की तुकडा कुठे आहे. मी म्हटले, घरी, कागदात.

"आन त्याले. खड्ड्यात त्याच्या पायाखाली ठेवू, मंग तो पुरा होते. फुटलेली बाजू रस्त्याकडं करू. लपवाची नाई." मग मोठ्या बाबांकडे बघून त्याने मान हलवली, आणि पुन्हा मला म्हणाला, "आन काऊन फोडला ते सांग. मले नोको सांगू. त्याले सांग."

मी घरी जाऊन तुकडा आणला. प्रकल्पाचा नमुना तोच होता, वहीतले सगळे वर्णन त्याचेच होते. तोंडी परीक्षा पाच दिवसांवर होती. आता दाखवायला नमुना उरणार नाही, हा विचार वाटेत माझ्या मनात आला, आणि पुढे त्याचे काही झाले नाही. जसा आला तसा तो राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड उभा करण्याआधी मी त्याच्यासमोर बसले. काय बोलायचे मला माहीत नव्हते. मला येत होते तेवढेच मी बोलले, आणि ते मी बाबांशी बोलायची त्या गोंडीत. मी म्हटले की तू बाहेरून काळा दिसत होतास म्हणून मी फोडले. आत एक पट्टी पांढरी आहे, एक काळी. पांढरी चमकते ती कठीण, काचेवर ओरखडा काढते. काळी नखाने सुटते, तिचे पापुद्रे निघतात. तू आधी दुसराच दगड होतास. मग खूप खोल गेलास, तिथे तुझ्यावर डोंगराएवढे ओझे होते, आणि चुलीसारखी धग होती. तू वितळला नाहीस. तुझ्या आतले सगळे एका रांगेत आले. मग वरचे झिजत गेले आणि तू बाहेर आलास. याला फार फार वर्षे लागली. मी विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

गोंडीत यातल्या खनिजांना नावे नाहीत, किंवा मला माहीत नाहीत. म्हणून मी ती रंगाने आणि हाताने सांगितली. बोलून झाल्यावर मी तुकडा खड्ड्यात ठेवला. तो नीट बसत नव्हता, मोठ्या बाबांनी हात घालून सरळ केला. आत्याने तांदूळ टाकले. मग दगड उभा राहिला. माझ्या खांद्याएवढा आहे.

चार दिवसांनी तोंडी परीक्षा झाली. मी नेहमीच्या जागी बसले होते. फोनवर मॅडम होत्या आणि बाहेरून आलेले एक परीक्षक सर. पलीकडे भूमिया आजा मुलीला फोन करून झाल्यावर उगाच बसून राहिला होता. सरांनी नमुना दाखवायला सांगितले. मी म्हटले, नमुना माझ्याकडे नाही सर. त्यांनी विचारले कुठे आहे. मी म्हटले, जिथला होता तिथे परत ठेवला.

सर मॅडमना म्हणाले की नमुन्याशिवाय गुण कसे द्यायचे. ते चिडले नव्हते, नियम सांगत होते. मॅडम काही बोलणार होत्या, आणि चित्र अडकले. रेंज गेली असे मला वाटले. मग पुन्हा आले. मी म्हटले, सर, नमुना ज्याचा होता तो दगड दाखवला तर चालेल का. हे वाक्य मी कुणाला न विचारता, तोंडाने, मराठीत बोलले. ते सांगून झाल्यावरच माझ्या लक्षात आले.

सर म्हणाले, दाखवा.

मी आजाकडे पाहिले. त्याने तंबाखूचा हात नुसता हलवला, जा म्हणून.

मी उठून फोन रस्त्याच्या बाजूला नेला आणि फुटलेल्या कोपऱ्यासमोर धरला. उन्हात पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. सरांनी जवळ घ्यायला सांगितले, मग आणखी जवळ. नाव विचारले. मी म्हटले, पट्टिताश्म, म्हणजे नाइस. कशावरून? मग मी सांगितले. पांढरी पट्टी, काळी पट्टी, कठीणपणा, पापुद्रे, दाब, उष्णता. या वेळी मला नावे येत होती, क्वार्ट्झ, फेल्डस्पार, बायोटाइट. पण क्रम तोच होता, आणि मला पाठ करावा लागला नव्हता. चार दिवसांपूर्वी एकदा सांगून झाला होता. सरांनी तीन प्रश्न विचारले. दाब म्हणजे किती खोल, हाही त्यातला एक होता.

शेवटी त्यांनी विचारले की हा खडक इथे मूळचा आहे का, कारण तो उभा दिसतो आहे. मी म्हटले, नाल्यातून आणून उभा केला आहे, आमच्या वडिलांच्या नावाने. मग त्यांनी कागदावर काही लिहिले आणि म्हणाले, ठीक आहे, झाले.

मी पास झाले. प्रकल्पात चांगले गुण मिळाले, लेखीत साधारण. मे महिन्यात चंद्रपूरला जाऊन पेपर देऊन आले, वसतिगृहातली माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली होती म्हणून घुग्घुसच्या मैत्रिणीकडे राहिले. तिने विचारले की एवढे सगळे एकटीने कसे शिकलीस. मी म्हटले, एकटीने नाही.

अजूनही मला रडू आलेले नाही. ते येईल की नाही, मी आता त्याची वाट पाहत नाही. पुढे एम.एस्सी.ला दूरशिक्षणाने नाव घालायचे ठरवले आहे. मोठे बाबा हो म्हणाले आहेत. त्यांनी एवढेच सांगितले की कुऱ्हाड घरी ठेवत जा.

सध्या जून आहे. मोह संपला, आता झाडांखाली टोळी, म्हणजे मोहाची फळे, पडतात. आम्ही दोघी सकाळी पडवीत बसून त्या दगडाने फोडतो, आत तेलाची बी असते. काल आईने विचारले, "ते बाई आता नाई बोलत का?"

मी म्हटले, वर्ष संपले, तास संपले.

"फोनात तं असन नं."

होते. मी एकही तास पुसलेला नव्हता. कुठला लावू, मी विचारले. ती म्हणाली, दगड फोडते तो. मी फोन टोपलीच्या काठाला ठेवला. हजेरी सुरू झाली. एक, दोन, तीन. मुले हो म्हणत होती. आई टोळी फोडत राहिली. सोळा नंबरची मुलगी नेहमीसारखी उशिरा हो म्हणाली. मग मॅडम म्हणाल्या, सतरा, रेकॉर्डिंगवर, आणि थांबल्या.

"आहे नं," आई म्हणाली. "इथी आहे."